ऑफिसचा आयपी फोन बंद पडला, तर बिघाड कुठे शोधायचा

टेबलावरच्या आयपी फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसलं, की कुणीतरी मागची केबल उपटून परत लावतं. फोन कधी चालू होतो, कधी होत नाही. चालू झाला तरी बिघाड कशाचा होता हे कळत नाही, आणि तोच फोन पुढच्या आठवड्यात ऐन कामाच्या वेळी पुन्हा मान टाकतो. खरं तर बंद पडलेला फोनही बरंच काही सांगत असतो. पडद्यावर कोणता संदेश आहे, आयपी ॲड्रेस दिसतोय का, स्विचवर त्या पोर्टचा दिवा लागलाय का, हे बघायला मिनिटभर पुरतं. रीस्टार्ट केला की यातल्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. म्हणून आधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढा आणि मगच केबलला हात लावा.

ऑफिसातल्या फोनची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. टेबलावर आयपी फोन, रॅकमध्ये पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा), एक राउटर किंवा फायरवॉल, आणि ऑफिसात किंवा क्लाउडवर एक पीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज), एवढी मांडणी धरली आहे. पीबीएक्स ॲस्टरिस्कवरचं फ्रीपीबीएक्स असो, ग्रँडस्ट्रीमचं असो की मॅट्रिक्सचं, शोधण्याची पद्धत तीच राहते. जुन्या ईपीएबीएक्समध्ये प्रत्येक एक्स्टेंशनला स्वतःची तांब्याची जोडी होती, त्यामुळे एकाचा बिघाड दुसऱ्याला भोवत नसे. आता फोन, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कॅमेरे एकाच नेटवर्कवर बसतात, आणि कॅमेऱ्याच्या भानगडीत फोन बंद पडू शकतो.

आधी चौकशी

लॅपटॉप उघडण्याआधी चार टेबलांवर फिरून या. रिसेप्शनच्या मॅडमना विचारा, “आतल्या आत एक्स्टेंशन लागतंय का? बाहेर फोन जातोय का? बाहेरून येतोय का?” ही तीन उत्तरं वेगवेगळी आली तर अर्धं काम झालं. आतल्या आत फोन लागतात पण बाहेर जात नाहीत, तर फोन, केबल आणि स्विच ठीक आहेत. शोध पीबीएक्सच्या पुढे, सिप ट्रंककडे घ्या, म्हणजे पीबीएक्सला टेलिकॉम कंपनीशी जोडणाऱ्या लाइनकडे (सिप ही कॉल जोडण्याची भाषा). एकच फोन बंद असेल तर तो फोन, त्याची केबल किंवा त्याचं एक्स्टेंशन. एका ओळीतले सगळे बंद असतील तर त्या ओळीचा स्विच. सगळं ऑफिस बंद असेल तर पीबीएक्स, राउटर किंवा वीज. आणि कालपासून काय बदललं हेही विचारा: नवीन कॅमेरा लावला, फायरवॉल बदलली, नेटची कंपनी बदलली, कुणी बसायची जागा बदलली. “काहीच बदललं नाही” हे उत्तर आलं तर तोच प्रश्न ऑफिस बॉयला आणि इलेक्ट्रिशियनला विचारून बघा.

बाहेरून येणारे फोन बंद असतील तर दुरुस्तीला बसण्याआधी ते एखाद्या मोबाइलवर वळवून घ्या. बहुतेक सिप सेवा देणाऱ्यांच्या पोर्टलवर किंवा हेल्पडेस्कवर ही सोय असते. दवाखान्यात, गॅस एजन्सीत, ॲम्ब्युलन्स सेवेत पलीकडचा माणूस अडचणीत असतो. तुमचा शोध पूर्ण होईपर्यंत त्याने का थांबावं? दुरुस्ती मग शांतपणे करता येते.

फोन उठतो त्याचा क्रम

वीज मिळाली की आयपी फोन ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतो. आधी स्विचशी लिंक जुळते. मग स्विच त्याला व्हॉइस व्हीलॅन (त्याच केबलवर फोनसाठी राखलेलं वेगळं आभासी नेटवर्क) कोणता ते सांगतो. मग डीएचसीपीकडून (ॲड्रेस वाटणारी सेवा) आयपी ॲड्रेस, गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) आणि डीएनएस (नावावरून ॲड्रेस शोधणारी सेवा) मिळतं. त्यानंतर फोन घड्याळ जुळवतो, प्रोव्हिजनिंग सर्व्हरवरून आपल्या सेटिंगची फाइल घेतो, आणि शेवटी पीबीएक्सकडे रजिस्टर होतो, म्हणजे हजेरी लावतो. आवाजाचा प्रश्न येतो तो कॉल लागल्यावर. फोन यातल्या कोणत्या पायरीवर अडकलाय ते ओळखा आणि फक्त तेवढंच तपासा. ज्याला आयपी ॲड्रेसच नाही, त्याचा सिप पासवर्ड तपासण्यात वेळ घालवू नका.

फॅक्टरी रीसेट मात्र करू नका. इंटरनेटवरच्या निम्म्या उत्तरांत हा सल्ला सापडतो. ऑटो-प्रोव्हिजनिंग नसलेल्या ऑफिसात रीसेट केलेला फोन कोरा होतो, आणि त्याचा सिप पासवर्ड कुणाकडे लिहिलेला नसेल तर एका किरकोळ बिघाडाचे दोन होतात.

वीज, केबल आणि स्विच

फोनचा पडदाच काळा असेल तर प्रश्न विजेचा. मूळ पीओई मानक, ८०२.३ एएफ, २००३ मध्ये आलं. त्यात स्विच एका पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो आणि केबलमधली घट धरून फोनपर्यंत १२.९५ वॅट हमखास पोचतात. साध्या डेस्क फोनला एवढी वीज भरपूर होते. अडचण येते ती स्विचच्या एकूण बजेटची. २४ पोर्टचा स्विच चोवीसही पोर्टवर पूर्ण वीज देऊ शकेलच असं नाही. त्याच स्विचवर कॅमेरे असतील तर अंधार पडल्यावर त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, आणि बजेट संपलं की स्विच कमी प्राधान्याचे पोर्ट बंद करतो. ‘फोन रोज संध्याकाळनंतर बंद पडतो, सकाळी आपोआप चालू होतो’ अशी तक्रार आली तर स्विचच्या वेब पानावर पीओईचा एकूण वापर रात्री बघा. फोनच्या पोर्टना प्राधान्य वाढवून देणं किंवा कॅमेरे वेगळ्या स्विचवर नेणं, हे त्याचे दोन उपाय.

पडदा चालू आहे पण ‘नेटवर्क अनअव्हेलेबल’ दिसतंय, तर केबल बघा. चालू असलेल्या शेजारच्या फोनची केबल लावून बघणं हा सर्वात स्वस्त प्रयोग आहे. पॅच कॉर्डची क्लिप तुटलेली असेल तर ती फेकून द्या. टेबल हललं की ती सुटणार. भिंतीतली केबल १०० मीटरच्या पुढे गेली असेल किंवा ट्यूबलाइटच्या वायरींबरोबर ओढलेली असेल तर लिंक जुळते आणि तुटते. स्विचवर त्या पोर्टचा एरर काउंटर वाढताना दिसला तर संशय पक्का.

इथे एक चूक जवळून समजून घ्या, कारण ती सगळं ऑफिस झोपवते. आयपी फोनच्या मागे दोन सारखेच सॉकेट असतात. एक भिंतीकडे जाणारं, दुसरं त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी. जागा बदलताना किंवा साफसफाई करताना मोकळी लोंबणारी केबल दिसते आणि कुणीतरी चांगल्या हेतूने तीही भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खुपसतं. आता फोनमधला छोटा स्विच दोन्ही बाजूंनी त्याच नेटवर्कला जोडला गेला. ब्रॉडकास्ट पॅकेट त्या वर्तुळात फिरत राहतात, मिनिटभरात स्विचवरचे सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकायला लागतात, आणि फोनच काय, बिलिंगचं सॉफ्टवेअरही अडकतं. स्विचवर स्पॅनिंग ट्री (असं वर्तुळ ओळखणारी सोय) चालू असेल तर तो ते पोर्ट बंद करून बाकीचं वाचवतो. साध्या, अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेल्या) स्विचवर ही सोय बहुधा नसते. तिथे एकेक केबल काढत दिवे शांत कधी होतात ते बघावं लागतं.

आयपी ॲड्रेस कुठून आला?

फोनच्या मेनूत ‘स्टेटस’मध्ये आयपी ॲड्रेस बघा. यीलिंकच्या डेस्क फोनवर मोकळ्या पडद्यावर ओके दाबलं तरी तो दिसतो. तिथे काहीच नसेल, ०.०.०.० असेल किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल, तर डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही. कारणं ठरलेली आहेत. एक, पोर्टवर व्हॉइस व्हीलॅन लावलेला नाही. दोन, ॲड्रेसचा साठा संपलाय: नेहमीच्या ‘स्लॅश २४’ नेटवर्कमध्ये २५४ ॲड्रेस असतात, आणि शंभर माणसांच्या ऑफिसात प्रत्येकाचा फोन, लॅपटॉप आणि वायफायवरचा मोबाइल धरला तर ते पुरत नाहीत. फोनसाठी वेगळा व्हीलॅन आणि वेगळा साठा ठेवणं हाच याचा कायमचा इलाज.

ॲड्रेस आहे, पण भलताच आहे, अशीही वेळ येते. ऑफिसचं नेटवर्क १० ने सुरू होतं आणि एका फोनला १९२.१६८.०.१०७ मिळालाय. म्हणजे कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीला जोडलाय आणि तोही ॲड्रेस वाटतोय. तो राउटर शोधा. गेटवेचा ॲड्रेस ब्राउझरमध्ये टाकला तर त्याचं लॉगिन पानच समोर येतं, आणि स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर, याची यादी) तो कोणत्या पोर्टवर आहे ते सापडतं. पुढे असं होऊ नये म्हणून मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राने वाटलेले ॲड्रेस अडवणारी सोय) चालू करा.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. सुट्टीत मेन बंद ठेवणाऱ्या युनिटमध्ये शुक्रवारी सकाळी सगळं एकदम चालू होतं, आणि तेव्हा वेगळाच प्रकार दिसतो: फोन आधी उठतो, डीएचसीपी देणारा सर्व्हर किंवा फायरवॉल नंतर. जुने स्पॅनिंग ट्री चालवणारा स्विच तर लिंक जुळल्यावरही पोर्ट उघडायला ३० सेकंद घेतो. तोवर काही फोन ॲड्रेस मागून थकतात. फोनच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज’ (पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावा, आणि वीज देण्याचा क्रम ठरवा: आधी फायरवॉल आणि सर्व्हर, मग पीबीएक्स, शेवटी फोनचे स्विच. हा क्रम रॅकच्या दारावर मराठीत लिहून चिकटवा, कारण सकाळी मेन चालू करणारा माणूस आयटीचा नसतो.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. फोनच्या मागच्या सॉकेटला लावलेल्या लॅपटॉपवर नेट चालतंय म्हणून फोनचं नेटवर्क ठीक आहे, असं होत नाही. लॅपटॉप डेटा व्हीलॅनमध्ये असतो आणि फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये. पिंग (पलीकडून उत्तर येतं का हे बघणारी छोटी चाचणी) करायचं तर व्हॉइस व्हीलॅनमध्ये असलेल्या पोर्टवरून करा, नाहीतर फोनच्याच वेब पानावरची पिंगची सोय वापरा; बऱ्याच फोनमध्ये ती असते.

रजिस्टर होत नाही

ॲड्रेस बरोबर, गेटवे पिंग होतो, पण एक्स्टेंशनपुढे लाल खूण. आता पीबीएक्सच्या लॉगमध्ये त्या एक्स्टेंशनचं नाव शोधा. सिपची उत्तरं आकड्यांत येतात. ४०१ बघून घाबरू नका. पहिल्या विनंतीला ते येतंच, त्यानंतर फोन पासवर्डसह पुन्हा विचारतो. पण ४०१ मागून ४०१ येत राहिले किंवा ४०३ आला, तर पासवर्ड किंवा परवानगीचा प्रश्न. लॉगमध्ये त्या फोनचा मागमूसच नाही आणि फोन ४०८ किंवा ‘टाइमआउट’ दाखवतोय, तर पॅकेट वाटेत अडतंय. सिपचं नेहमीचं पोर्ट (इथे स्विचचं सॉकेट नव्हे, सॉफ्टवेअरच्या दाराचा क्रमांक) ५०६०, टीएलएस (एनक्रिप्ट केलेली जोडणी) असेल तर ५०६१; फायरवॉलवर तेच तपासा.

पीबीएक्स क्लाउडवर असेल तर एक प्रसंग हमखास येतो. अकाउंट्समधल्या कुणाच्या तरी एक्स्टेंशनचा पासवर्ड सकाळी बदलला. त्याच्या टेबलावरच्या फोनमध्ये नवा पासवर्ड टाकला, पण मोबाइलमधल्या सॉफ्टफोन ॲपमध्ये जुनाच राहिला. ॲप मिनिटामिनिटाला चुकीच्या पासवर्डने दार ठोठावतं. पीबीएक्सवर फेल-टू-बॅन नावाचा पहारेकरी असतो. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त चुका झाल्या की तो त्या आयपी ॲड्रेसलाच बंदी घालतो. आणि सगळं ऑफिस एकाच पब्लिक आयपीवरून (इंटरनेटवर दिसणारा ॲड्रेस) बाहेर पडतं. त्यामुळे एका ॲपपायी सगळे फोन एकदम बंद होतात, बंदीची मुदत संपली की चालू होतात, थोड्या वेळाने पुन्हा बंद. नेट मात्र पूर्ण वेळ उत्तम चालत असतं. लोक नेटच्या कंपनीला फोन करत राहतात. बंदीच्या यादीत ऑफिसचा ॲड्रेस दिसला की तो सोडवा, चुकीचा पासवर्ड पाठवणारं यंत्र शोधून ते बंद करा, आणि ऑफिसचा पब्लिक आयपी स्थिर असेल तर त्याला सवलतीच्या यादीत टाका. नेहमी बदलणारा आयपी असेल तर ही शेवटची गोष्ट करू नका. उद्या तो ॲड्रेस दुसऱ्याच कुणाकडे असेल.

टीएलएस वापरणारे फोन एकदम रुसले तर आधी पडद्यावरचं घड्याळ बघा. तारीख चुकीची असेल तर सर्टिफिकेट फोनला अवैध वाटतं. घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपी सर्व्हरचं नाव आणि डीएनएस तपासा.

कॉल लागतो, आवाज येत नाही

नवख्या माणसाला सर्वात जास्त छळणारा हाच प्रकार. घंटी वाजते, समोरचा उचलतो, आणि एकाच बाजूला ऐकू येतं. कारण घंटी आणि आवाज वेगळ्या वाटांनी जातात. कॉल जोडण्याचं काम सिप करतं, आवाज आरटीपीने वाहतो, आणि तो वेगळ्या पोर्टवर. ॲस्टरिस्कवर सहसा १०,००० ते २०,००० या यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्टवर. सिप जोडताना फोन सांगतो, “माझा आवाज या ॲड्रेसवर पाठवा.” फोन नॅटच्या (आतले खासगी ॲड्रेस एका पब्लिक आयपीमागे ठेवणारी राउटरची सोय) मागे असेल आणि त्याने आपला १९२.१६८ वाला खासगी ॲड्रेस दिला, तर पलीकडचं पीबीएक्स आवाज तिकडे पाठवतं आणि तो इंटरनेटवर कुठेच पोचत नाही. तुमचा आवाज त्यांना जातो, त्यांचा तुम्हाला येत नाही.

राउटरवर सिप एएलजी नावाची एक सोय असते. नॅटची हीच अडचण सोडवायला ती बनवली गेली, पण स्वस्त राउटरमध्ये ती पॅकेटमधले ॲड्रेस अर्धवट बदलून गोंधळ वाढवते. माझा सल्ला सरळ आहे: ती बंद करा, राउटर रीस्टार्ट करा, मग तपासा. पीबीएक्स ऑफिसात असेल आणि ट्रंक इंटरनेटवरून येत असेल, तर पीबीएक्सच्या नॅट सेटिंगमध्ये पब्लिक आयपी आणि आतली नेटवर्क्स बरोबर भरली आहेत का बघा. नेटची कंपनी बदलल्यावर हा जुना पब्लिक आयपी तिथेच राहून जातो.

कॉल किती सेकंदांनी तुटतो, हे घड्याळ लावून मोजा. बरोबर ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल तर नेट हलकं असल्याचा तो पुरावा नव्हे. फोन उचलल्यावर ‘२०० ओके’ जातं आणि त्याची पोच म्हणून ‘ॲक’ यावं लागतं. ती पोच चुकीच्या ॲड्रेसवर गेली, तर पाठवणारा ‘२०० ओके’ पुन्हा पुन्हा पाठवतो आणि सिपच्या नियमाप्रमाणे ३२ सेकंदांनी कॉल सोडून देतो. पुन्हा नॅट, पुन्हा तोच खासगी ॲड्रेस. साधारण १५ मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तुटणाऱ्या कॉलमध्ये सेशन टायमरवर संशय घ्या: त्याची नेहमीची मुदत १,८०० सेकंद असते आणि निम्म्या मुदतीला नूतनीकरणाचा निरोप जातो, फायरवॉलने तो अडवला की कॉल संपतो.

फोन बाहेर जातात, येत नाहीत, पण एक फोन केल्यावर थोडा वेळ येतात? राउटर यूडीपीची मोकळी पडलेली वाट बंद करतोय. फोनवर किंवा पीबीएक्सवर कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा छोटा निरोप) २० ते ३० सेकंदांवर आणा.

आवाज तुटतो, घोगरा येतो

इथे सगळे नेटचा स्पीड मोजायला धावतात. जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) एक कॉल सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो आणि इथरनेटवर एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएस भरत नाही. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर आवाज तुटत असेल तर स्पीड अपुरा नाही, रांग लांब झाली आहे. कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा बॅकअप किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढतंय, अपलोड तुडुंब भरलाय, आणि आवाजाची छोटी पॅकेट त्यामागे थांबली आहेत. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

तपासायला एका लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा आणि दोन्हींत पिंग सतत चालू ठेवा: एकात ऑफिसचा गेटवे, दुसऱ्यात पीबीएक्स. केबलवरून गेटवे एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देतो. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर दोष इमारतीच्या आत आहे, नेटच्या कंपनीला दोष देऊ नका. गेटवे स्थिर आणि पीबीएक्सचे आकडे ठरावीक वेळी २० वरून ३०० वर जात असतील, तर त्या वेळी अपलोड कोण भरतंय ते राउटरवर बघा. उपाय म्हणजे आवाजाच्या पॅकेटला डीएससीपी ४६ ची खूण, राउटरवर त्या खुणेला पहिला मान, आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष लाइनपेक्षा थोडी कमी. ही शेवटची मर्यादा लावली नाही तर रांग तुमच्या राउटरऐवजी कंपनीच्या यंत्रात लागते, आणि तिथे तुमच्या प्राधान्याला कुणी विचारत नाही.

ट्रंक आणि कंपनीचा हेल्पडेस्क

आपल्याकडे टेलिकॉम कंपनीची सिप ट्रंक अनेकदा इंटरनेटवरून येत नाही. वेगळ्या फायबरवर, वेगळ्या खासगी ॲड्रेसवर येते. पीबीएक्सला मग दोन नेटवर्क पोर्ट असतात आणि ट्रंकच्या दिशेचा रस्ता (रूट) सेटिंगमध्ये हाताने घातलेला असतो. तो कायमचा सेव्ह केला नसेल तर पीबीएक्स रीस्टार्ट झाल्यावर नाहीसा होतो. आतले फोन व्यवस्थित, बाहेरचं सगळं बंद, आणि काल रात्री वीज गेली होती, असं असेल तर पहिल्यांदा तो रस्ता बघा.

हेल्पडेस्कला “फोन लागत नाही” एवढंच सांगितलं तर तुम्हाला राउटर रीस्टार्ट करायला सांगून तक्रार बंद होईल. एका फसलेल्या कॉलची तारीख आणि सेकंदासह वेळ, कुठून कुठे लावला ते दोन्ही नंबर, आलेला सिप कोड आणि लॉगमधला कॉल-आयडी पाठवा. जमलं तर वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट टिपणारं सॉफ्टवेअर) पकडलेली फाइल जोडा. त्याच्या ‘टेलिफोनी’ मेनूत ‘व्हीओआयपी कॉल्स’ उघडलं की निरोपांची देवाणघेवाण बाणांनी दिसते, आणि उत्तर कुठून यायला हवं होतं पण आलं नाही, हे बोट ठेवून दाखवता येतं. फाइल पाठवताना जपा: रजिस्ट्रेशनचे तपशील आणि एनक्रिप्ट न केलेल्या कॉलचा आवाज त्यात असतो. म्हणून प्रत्यक्ष ग्राहकाचा कॉल पकडण्याऐवजी आपल्याच मोबाइलवर एक चाचणीचा कॉल लावा, आणि तेवढाच पाठवा.